मुकुट काढून ठेवलेला कान्होबा

आमच्या हिंगणघाटात जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा, रात्री भजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी वणा नदीवर शिरवून, म्हणजे विसर्जन करून यायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाहत आले. सगळे कान्होबे सारखेच. पायाला तिढा, ओठांशी बासरी. हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, घरी यायचं.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. शेजारच्या अनुसयाबाईंच्या मुलाने कुंभाराकडून मुद्दाम निराळी मूर्ती करवून आणली. मी दर्शनाला गेले आणि पाहिलं, तर कान्होबाच्या हाती बासरीच नव्हती. तो खाली मातीत बसला होता. राधा एका पायावर उभी, दुसरा पाय त्याच्या मांडीवर, आणि तो तिच्या टाचेतला काटा काढत होता. तोल जाऊ नये म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात टेकला होता. त्यासाठीच की काय, मोरपिसाचा मुकुट त्याने काढून बाजूला जमिनीवर ठेवला होता. सुईत दोरा ओवताना माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा चेहरा.

मी हात जोडले ते जोडलेलेच राहिले.

लग्नानंतरच्या पहिल्याच कापूस वेचणीला शेताच्या बांधावर, म्हणजे आमच्या धुऱ्यावर, माझ्या टाचेत बाभळीचा काटा घुसला होता. हे पुढे चालले होते. बायकोच्या पुढे चालायचं, ही तर रीतच. मी “अवो” म्हणून हाक मारली. यांनी मान वळवून पाहिलं. मागून चुलतसासऱ्यांची बैलगाडी येत होती. “काढ अन् ये लवकर,” म्हणाले आणि चालू लागले. मी ओढला तर काटा आतच मोडला. मग सासूबाईंनी सुईने टोकरून काढला आणि वरून बिब्ब्याचा चटका दिला. टाचेवर काळा डाग राहिला.

त्याचा राग मी कधी धरला नव्हता. त्या काळी कोणाचा नवरा थांबत होता? पण त्या मूर्तीपुढे मी मोठ्याने हुंदके देऊन रडले. पन्नाशी उलटलेली, घरात सून-जावई आलेले, आणि मी भरल्या घरात एका मातीच्या पोराला पाहून रडत होते. देव म्हणून नव्हे, हे मला रडतानाच कळत होतं.

बायकांना ते कसं कळावं? त्यांना वाटलं, माझ्या अंगात देव आला. अनुसयाबाई ओरडल्या, “भागीरथाबाईले भाव आला वं! कुंकू आण, कुंकू!”

माझ्या कपाळी मळवट भरला. भजनाची पेटी थांबली, बायका एकेक करून माझ्या पाया पडू लागल्या. कोणी नातवाला पायावर घातलं. त्या टाचेशी हात लागत होते आणि मी पाय साडीत लपवत होते. “मी काई देवभोळी नाई वं,” एवढंच म्हणाले, तर त्यांना तो विनय वाटला. पुढे वर्षभर मला मान मिळाला. भजनात पुढची जागा, हळदीकुंकवात पहिलं वाण. तो मान मला टोचत होता. एकच भीती होती, मी कशासाठी रडले ते आमच्या यांना कळू नये.

पुढच्या जन्माष्टमीला किसनराव, म्हणजे आमचे हे, स्वतः कुंभाराकडे गेले. अगदी तशीच मूर्ती सांगून सायकलरिक्षात मांडीवर धरून घेऊन आले. “तुह्या भावाचा कान्होबा,” म्हणाले. चेहरा असा फुललेला, की मला वर बघवेना.

दुपारी मी स्वयंपाकघरात स्टोव्हपुढे पाटावर बसून करंज्या तळत होते. बाहेर हे फुलोऱ्याच्या सुतळ्या बांधत होते. मग सुतळ्या तशाच टाकून हे आत आले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले.

“तो धुऱ्यावरचा काटा कोणत्या पायात होता वं?”

हातातली करंजी कढईत जरा जोरातच पडली. “कोणता काटा?”

“काकाच्या गाडीच्या वक्ताचा.”

म्हणजे यांच्याही लक्षात होता. इतकी वर्षं.

“काय माईत बाई. मले नाई आठवत.”

“दाखव पाय.” आणि यांनी खरंच हात पुढे केला. बोटं टाचेला लागली न लागली, तोच मी पाय ओढून घेतला.

“काई काय करून राह्यले तुमी! पाप लागते मले. रूपाली येईन आत.” रूपाली आमची सून.

“देवानं केलं त पूजा करता, अन् मी केलं त पाप?”

“तो देव आहे. तुमी किसनराव आहा.”

मी हसण्यावारी नेलं. हे हसले नाहीत. थोडा वेळ तळहाताकडे पाहत बसले. “करंज्या लाल होऊन राह्यल्या,” म्हणाले आणि उठून गेले.

मला आजही त्या दोन बोटांचा स्पर्श आठवतो. आता हे नाहीत. पाय ओढला तो माझ्याच चोरटेपणाने, पापबिप काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे नदीवर गेलो. पाणी गढूळ होतं. कान्होबा आणि राधा एकदमच पाण्यात गेले. परतताना हे नेहमीसारखे पुढे, हातात रिकामा पाट. मी मागे, माझ्यामागे बायका. घाटाचा चढ लागला तिथे हे थांबले. वळले. माझ्याकडे पाहत उभे राहिले.

आणि मीही थांबले. हे थांबले की मागे थांबायचं, एवढंच माझ्या पायांना माहीत होतं.

“काय वं भागीरथाबाई,” मागून अनुसयाबाई म्हणाल्या, “नवरा वाट पाहून राह्यला, जा नं! का पालखी पाठवू?”

बायका फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. मी पदर सारखा करत खाली बघत राहिले. मला वाटलं, जरा हसणं थांबलं की जाऊ. चार पावलांचा तर चढ.

यांनी थोडी वाट पाहिली. मग हातातला पाट उलटा करून पाहिला, जणू त्याला लागलेला चिखल पाहायलाच थांबले होते. आणि चालू लागले.

मग मीही निघाले, तेवढंच अंतर राखून.