टेपरचा कोन

टर्नर मास्तर आणि गणित मास्तर हे एकमेकांचे साडू. दोघेही एकाच तांत्रिक शाळेत नोकरीला लागले, ही त्यांच्या बायकांच्या नशिबाची थट्टा म्हणायची. त्या दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या. नवऱ्यांचा मात्र छत्तीसचा आकडा. भांडण कशावरून सुरू झालं होतं ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण त्यामुळे भांडणाचं काही अडलं नव्हतं.

शाळेची इमारतही त्यांच्या सोयीची होती. वर्कशॉप खाली, वर्ग वर. गणित मास्तर जिना उतरून वर्कशॉपात कधी पाऊल टाकत नसत, कारण तेलकट फरशीने बूट खराब होतात. टर्नर मास्तर वर कधी जात नसत, कारण त्यांच्या मते वर फक्त खडू झिजतो. वर गेलेली पोरं सूत्रं घोकायची आणि जिना उतरता उतरता विसरायची. खाली आली की टर्नर मास्तरांनी रंगवून भिंतीवर लावलेल्या पत्र्याच्या तक्त्याकडे बघायची. अमुक जॉबला स्लाइड, म्हणजे लेथवर हत्यार सरकवणारा भाग, इतके अंश फिरवा, तमुक जॉबला तितके. एखाद्याने का म्हणून विचारलं तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं, "फिरव म्हटलं की फिरवायचं. कारणं वरच्या मजल्यावर मिळतात."

मास्तरांना कारणं येत नव्हती अशातला भाग नाही. चांगली येत होती. पण ती सांगायची म्हणजे साडूचा विषय आपल्या खोलीत शिरू द्यायचा, आणि ते त्यांना मरेपर्यंत मान्य नव्हतं.

अशा घरात गणित मास्तरांच्या मुलीने, चिंगीने, टर्नरचा ट्रेड घेतला. घरात आकाशपाताळ एक झालं. बाप म्हणाला, पदवीला जा. पोरगी म्हणाली, लेथवर जाणार. गणित मास्तरांची खात्रीच पटली की हे सगळं साडूचं कारस्थान आहे. शेवटी बायकोने मध्ये पडून तडजोड केली. वर्ष संपताना एक अवजारांची फॅक्टरी शाळेतून एकाच मुलाला परीक्षा घेऊन उचलत असे. चिंगीची तिथे निवड झाली तर लेथ. नाही झाली तर मुकाट्याने कॉलेज. पोरीने अट मान्य केली, कारण आपण नापास होऊ असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

टर्नर मास्तरांनी ती आल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं. साडूची अवलाद, ही काय लोखंड कापणार? आठवड्याभरात त्यांचं तोंड सरळ झालं. पोरीच्या हाताला जाण होती. हत्यार बोथट झालं की आवाजावरून तिला कळायचं, आणि चकमध्ये, लेथच्या जबड्यात, दांडा बसवताना तो सरळ करायला तिला दुसऱ्यांदा चापट मारावी लागायची नाही. एवढ्या वर्षांत मास्तरांच्या हाताखालून ढिगाने पोरं गेली, पण असा हात एकही नव्हता. हे त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बायकोला मात्र जेवताना सांगायचे, आणि वर म्हणायचे, "बापावर नाही गेली, वाचली."

मास्तरांची एक शिस्त होती. टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता होत जाणारा दांडा, कापताना मधे मधे माप लावलेलं त्यांना खपत नसे. कोन बरोबर लावला असेल तर ठरलेली लांबी कापून होईपर्यंत टोकाची जाडी आपोआप बरोबर येते. सारखा कॅलिपर लावत बसणाऱ्याच्या हातातून ते कॅलिपर काढून घ्यायचे आणि "दांडा आहे, तापातलं पोर नव्हे," म्हणायचे. चिंगीने ही शिस्त अंगात मुरवली होती. एकदा कोन लावला की ती थेट शेवटालाच थांबायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्कशॉप बंद करायच्या वेळी ती त्यांच्याकडे आली. फॅक्टरीच्या परीक्षेत तक्ता नसणार, नुसतं ड्रॉइंग देणार, हे तिला कळलं होतं. म्हणून घरी ती बापाकडून टेपरचा कोन काढायला शिकत होती.

"काका, जाडी एका टोकाला चाळीस मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला तीस आणि लांबी पन्नास असेल, तर कोन येतो अकरा अंश पंचवीस मिनिटं. स्लाइडला एवढाच लावायचा ना?"

मास्तर हात पुसत होते. त्यांना पुसता पुसताच कळलं. हा दोन्ही बाजूंच्या उतारांमधला अख्खा कोन होता. दांडा गोल फिरतो, हत्यार एका बाजूने कापतं तेच दुसऱ्या बाजूनेही कापलं जातं. म्हणून स्लाइडला लावायचा तो याच्या निम्मा. भिंतीवरच्या तक्त्यातले सगळे आकडे निम्मेच होते. फक्त ते निम्मे आहेत हे मास्तरांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

"कोणी काढून दिला?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी शिकवलं. पण स्लाइडचं त्यांना विचारलं तर म्हणाले, मी यंत्र शिकवत नाही, तुझ्या काकाला विचार."

झालं. मास्तरांच्या डोक्यात सणक गेली. यंत्र शिकवत नाही म्हणे. अख्खं आयुष्य पोरांना कोन शिकवला, आणि तो कोन लावायचा कुठे हे सांगायला जीभ झिजते काय? जाऊ दे, एकदा साडूला तोंडावर आपटू दे. फॅक्टरीत पोरगी अडेल, परत येऊन सांगेल की बाबांचं गणित चुकीचं निघालं, आणि मग आपण सगळ्यांसमोर दोन शब्दांत दुरुस्त करू. पोरीचं काय होईल हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण तिचा हात एवढा चांगला आहे की ती सांभाळून घेईल, असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

"बाबांनी सांगितलंय ना?" ते म्हणाले. "मग बरोबरच असणार. एवढे शिकलेले आहेत."

चिंगीने मान डोलावली आणि ती गेली. तिला टोमणा कळला नाही. घरात ती रोजच टोमणे ऐकत होती, त्यातला साधा कुठला आणि विषारी कुठला हे निवडत बसायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपात वेगळंच दृश्य होतं. गणित मास्तर चक्क जिना उतरून आले होते आणि दाराशी, फरशीच्या त्यातल्या त्यात कोरड्या तुकड्यावर उभे होते. निकाल आधी साडूला कळू नये एवढंच त्यांचं येण्याचं कारण. टर्नर मास्तर लेथला तेल घालत होते. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चिंगी आली ती सरळ बाकाशी गेली आणि तिने पिशवीतून दांडा काढून ठेवला. ड्रॉइंग नेमकं कालच्याच मापांचं आलं होतं, टोक तीसचं हवं होतं. ते विसाचं झालं होतं. कापण्यात कुठे खोट नव्हती, पृष्ठभाग आरशासारखा होता. फक्त दांडा कुठल्याही कामाचा नव्हता.

"शेवटी माप लावलं तेव्हा कळलं," ती म्हणाली. "मग का ते पण कळलं. निम्मा लावायचा असतो. पण कापलेलं लोखंड परत थोडंच चढतं. दुसरा दांडा देत नाहीत."

टर्नर मास्तर ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता. त्यांनी दांडा उचलून साडूसमोर धरला.

"बघा साडूबुवा. हे तुमचं गणित."

"माझं गणित बरोबर आहे," गणित मास्तर थंडपणे म्हणाले. "कोन अकरा अंश पंचवीस मिनिटंच आहे. कुठल्याही पुस्तकात बघा. यंत्राला किती लावायचा हे शिकवायचा पगार तुम्ही घेता. आणि मधे माप लावायचं नाही ही अक्कल कोणाची? अर्ध्यात लावलं असतं तर वाचली असती."

"कोन लावणारा बरोबर लावतो म्हणून मी माप लावू देत नाही. चुकीचा आकडा घेऊन या असं मी कुठे म्हटलं होतं?"

"आकडा चुकीचा नाही."

"दांडा तर चुकीचा आहे ना?"

बराच वेळ हे चाललं. दोघांचेही आवाज चढले, बाहेरची दोन पोरं दारात डोकावून पळून गेली. चिंगी मधे उभी होती आणि दोघांपैकी एकानेही तिच्याकडे बघितलं नव्हतं. मग गणित मास्तर दमले आणि म्हणाले, "खरं म्हणजे तिने नीट विचारून घ्यायला हवं होतं."

"तेवढं मात्र खरं," टर्नर मास्तर म्हणाले. "विचारायला काय जातं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. टर्नर मास्तरांना क्षणभर बरंही वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं.

"विचारलं होतं," चिंगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबांना विचारलं, स्लाइडला किती लावू. ते म्हणाले, काकाला विचार. काकांना विचारलं, एवढाच लावू ना. ते म्हणाले, बाबांनी सांगितलंय तर बरोबरच असणार." ती टर्नर मास्तरांकडे वळली. "काका, तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

खोटं बोलायला वाव होता. मास्तरांनी तोंड उघडलं, पण पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू बोथट हत्याराचा आवाज ऐकत होती.

"होतं," ते म्हणाले.

"आणि बाबा, तुम्हाला?"

गणित मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "निम्मा करतात हे कोणाला माहीत नसतं," ते पुटपुटले.

चिंगीने अॅप्रन काढला आणि बाकावर, त्या दांड्याशेजारी ठेवला.

"बाबा, कॉलेजचा फॉर्म आणा. मी शब्द दिलाय, मी जाईन. पण मला शिकवायला बसू नका. आणि काका, तुम्ही आमच्या घरी येऊ नका. मावशीला मी येऊन भेटेन, तुम्ही नसाल तेव्हा."

ती निघून गेली. गणित मास्तर तिच्या मागे दोन पावलं गेले आणि थांबले, कारण मागे येऊ नका हे तिने न सांगताही त्यांना कळलं होतं. त्यांचे बूट तेलाने माखले होते. टर्नर मास्तर बाकाशी तसेच उभे होते. आयुष्यात एकच हात मनासारखा मिळाला होता, आणि तो त्यांनी साडूला खाली बघायला लावायच्या हौसेपायी घालवला होता. हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं, आणि त्याबद्दल शिव्या घालायला समोर साडू उभा असूनही त्यांना एकही शिवी सुचत नव्हती.