चौसाळ्याच्या ढिगातला कोयता

मी एक जुना कोयता आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. उसाच्या फडात ज्याचे आयुष्य गेले त्याने दुसरे काय व्हावे? पाचटाखाली साप असतो, बांधाआड रानडुक्कर असते, आणि मुकादमाच्या गोड बोलण्यामागे काय होते ते हंगाम संपल्यावर कळते. म्हणून मी जे सांगेन तेही तुम्ही पारखून घ्या. मला राग येणार नाही.

माझा जन्म सिरसाळ्याचा. तिथे नाथा लोहाराची भट्टी होती. एका मोडक्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून त्याने मला घडवले. माझा मालक आसाराम, त्याची सासुरवाडी त्याच बाजूची. तो बाजाराला आला, त्याने मला हातात तोलले, नखावर धार लावून पाहिली, परत ठेवले, परत उचलले. एवढे केल्यावर त्यालाच संकोच वाटला. तेव्हा नाथा म्हणाला, "बघा की पाव्हणं, चांगलं बघा. न बघता घेणारं गिऱ्हाईक मला बी आवडत न्हाई." हे बोलणे तेव्हापासून माझ्या पात्यात मुरले आहे.

लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कडेला आसारामची वस्ती आहे. त्याची बायको चंद्रभागाबाई. तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून माझ्या मुठीला घट्ट गुंडाळला. वस्तीतल्या प्रत्येक बाईने आपापल्या कोयत्याला अशीच चिंधी बांधलेली असे, कुणाची लाल, कुणाची फुलाफुलांची. ढिगात टाकला तरी आपला कोयता लांबून ओळखू यावा, एवढाच त्यामागचा विचार.

पुढची वर्षे मी राबलो. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, आणि एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. आसाराम ऊस तोडायचा, चंद्रभागाबाई पाने साळून मोळ्या बांधायची, आणि तो दमला की मी तिच्या हातात जायचो. आसाराम रोज कानशीने माझी धार काढी. "ह्यो हाय म्हणून आपण हाय," असे तो म्हणे. मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही? पण धार काढली की पाते झिजते, हेही मला कळत होते.

एकच गोष्ट मला बघवत नसे. त्यांची मुलगी करिष्मा दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला शाळा सोडून आमच्याबरोबर फडावर यायची. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत बसून दुसऱ्याची तान्ही मुले सांभाळायची. उन्हाळ्यात गावी परतलो की तिची इयत्ता पुढे सरकलेली असे आणि वाचन मागेच राहिलेले असे. चंद्रभागाबाईला याचे फार वाईट वाटे. साखरेच्या पोत्यावरची अक्षरे मुलीला लावता आली नाहीत, त्या दिवशी ती जेवली नव्हती.

म्हणून अर्जुनरावांचे भाषण तिने जीव लावून ऐकले. अर्जुनराव म्हणजे ऊसतोड मजुरांच्या आमच्या संघटनेचे अध्यक्ष, चांगले जमीनदार. चौसाळ्याच्या सभेत ते म्हणाले, "हंगामाच्या आधी पोरांसाठी गावातच वसतिगृह सुरू झालं पाहिजे. तवर एक बी कोयता फडात जाणार न्हाई. परतेक जोडीनं आपला कोयता संघटनेच्या हापिसात आणून ठेवायचा. कोयता ठेवला म्हणजे शब्द ठेवला."

टाळ्या पडल्या. आसारामच्या खांद्यावर मी मात्र मुठीपर्यंत गार झालो. ज्याचा स्वतःचा कोयता नाही तो दुसऱ्यांचे कोयते मागतो आहे, हे मला खटकले. पण माझे कोण ऐकणार?

चंद्रभागाबाई वस्तीत घरोघर फिरली. शेजारची कडूबाई काही केल्या तयार होईना. तिचा मुलगा बजरंग करिष्माच्याच वर्गात. शेवटी ती म्हणाली, "ठिवते. पर तुझ्या शब्दावर ठिवते बरं, चंद्रभागे. त्या अर्जुनरावाच्या न्हाई." चंद्रभागाबाई हसली. पुढे या वाक्याचे तिला किती ओझे होणार होते, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हते.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमचा मोठा ढीग झाला. अर्जुनरावांनी खोलीला कुलूप लावले आणि चावी सगळ्यांसमोर चंद्रभागाबाईच्या हातात दिली. "मजुराची ठेव, मजुराच्याच हातात," ते म्हणाले. फोटो निघाला. तिने चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. एवढा मान सगळ्यांच्या देखत दिला जातो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असते, असे मला वाटले. वाटले आणि मी गप्प पडून राहिलो, कारण कोयत्याला दुसरे काय करता येते?

चोरी रात्रीच होते असे ज्यांना वाटते, त्यांनी माझी पुढची हकिकत ऐकावी. चौसाळ्याच्या बाजाराचा दिवस होता. भर दुपारी कुलूप उघडले. मला वाटले चंद्रभागाबाई आली. पण आत आला रामेश्वर. हा अर्जुनरावांचा मेहुणा, कर्नाटकातल्या एका कारखान्याला टोळ्या पुरवणारा मुकादम. तिकडचा हंगाम लवकर सुरू होतो. त्याच्या मागे त्याच्या टोळ्यांतली माणसे होती, तीही आमच्यासारखाच शब्द ठेवून बसलेली.

"घ्या आपापले," रामेश्वर म्हणाला. "तुमचा शब्द दाजींनी सोडलाय. कुणी इचारलं तर तुळजापूरला दर्शनाला गेलतो म्हणायचं."

आपापले घ्या म्हणाला खरा, पण माणसांनी ढीग उपसला आणि हाताला बसतील ते घेतले. वजन बघून, धार बघून. कडूबाईचा लाल चिंधीचा कोयता गेला. वस्तीतले एकेक चांगले पाते गेले. एकाने मलाही उचलले. रामेश्वर म्हणाला, "हे गेलेलं हाय बे, टाक." त्याने मला उरलेल्या मोडक्यांत भिरकावले. खरे सांगतो मित्रांनो, चोरांनीही आपल्याला नाकारावे याचे मला फार दुःख झाले.

दोन-चार दिवसांनी संघटनेच्या चिटणीस विजयमालाताई कुलूप उघडून आत आल्या. त्यांच्यामागे टेम्पोवाला नवे कोरे कोयते घेऊन आला. पात्यांना दुकानातले तेल तसेच होते, मुठी कोरड्या होत्या, एकालाही चिंधी नव्हती. "प्रदर्शनासाठी पाहिजेत म्हणाले अध्यक्ष," असे ताई टेम्पोवाल्याला सांगत होत्या. सांगता सांगता त्यांची नजर ढिगावर गेली, मग दारावरच्या कुलपावर. त्यांना संशय आला होता, मला माझी जात ओळखू येते. पण त्या काही न बोलता निघून गेल्या. नव्या कोयत्यांनी ढीग पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला.

खंडेनवमीला अर्जुनरावांनी कार्यालयापुढे मांडव घातला. आपण सगळ्यात वरच्या कोयत्याला कुंकू लावायचे, फोटोवाल्याने फोटो काढायचे आणि पेढे वाटायचे, असा त्यांचा बेत होता. पण खंडेनवमी अशी होते का? त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या हत्याराची पूजा करायची असते. अर्जुनरावांची हत्यारे सालगड्यांच्या हातात असतात, म्हणून ते हे विसरले. बायका मात्र विसरल्या नव्हत्या. हळद-कुंकू, झेंडूची फुले घेऊन सगळी वस्ती आली होती.

ढीग मांडवात आणला, आणि बायका आपापली चिंधी शोधू लागल्या.

कडूबाईने ढीग वरखाली केला. लाल चिंधी नाही. दुसरीची फुलाफुलांची नाही, तिसरीची नाही. कुणाकुणाचे जुने कोयते निघाले, आणि तळाशी मी, हिरव्या काठाचा. चंद्रभागाबाईने आनंदाने मला उचलले आणि तेवढ्यात सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले.

"तुझा बरा ऱ्हायला गं?" कडूबाई म्हणाली.

अर्जुनराव पुढे आले. आवाज अगदी मऊ. "चावी चंद्रभागाबाईंकडं होती. मी काई म्हणत न्हाई. तुमीच इचारा त्यांना."

मित्रांनो, मी जन्मभर संशय घेतला. पण संशय कुणाला कसा चावतो ते मी त्या दिवशी तिच्या हातात राहून पाहिले. ज्या बायका तिच्या शब्दावर आल्या होत्या, त्या तिच्यापासून एक पाऊल मागे सरकल्या. आसाराम काही बोलायला गेला, तर कुणीतरी म्हणाले, "तू गप ऱ्हा, घरातलाच हाईस." मला ओरडून सांगायचे होते. लोखंडाला तोंड नाही याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

चंद्रभागाबाईने गळ्यातली चावी काढून ढिगावर ठेवली. मग मला कडूबाईच्या हातात दिले. "मी काई बी सांगितलं तर तुला आता कावून पटंल? तूच बघ, ह्यो कावून ऱ्हायला."

कडूबाईने मला तोलले. अंगठा पात्यावरून फिरवला. नाथाकडून घेतला तेव्हाच्या निम्मासुद्धा मी उरलो नव्हतो. "ह्याच्यानं ऊस काय, कडवळ बी तुटायचं न्हाई," ती हळूच म्हणाली. मग तिने खाली बसून उरलेले जुने कोयते एकेक करून पाहिले. कुणाची मूठ फुटलेली, कुणाच्या पात्याला दाते पडलेले.

"निवडून नेलेत बाई," ती उभी राहत म्हणाली. "चांगले तेवडे गेले, मोडके तेवडे ऱ्हायले. इकाया न्हाई नेले, तोडाया नेलेत. आन् तोडाया कोण गेलंय?"

रामेश्वरच्या टोळ्या गावात नाहीत हे सगळ्यांना माहीत होते. एक म्हातारी म्हणाली, "ती तर तुळजापूरला गेलती म्हणं. देवीला कोयते कशाला लागतेत?"

तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून विजयमालाताई पुढे आल्या. "कुलपाला दोन चाव्या होत्या," त्या म्हणाल्या. "दुसरी अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात आहे. हे नवे कोयते मी आणले, त्यांनी सांगितलं म्हणून. ढीग कमी झालेला मी पाहिला होता. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

अर्जुनराव फोटोवाल्याला हाताने थांबवून म्हणाले, "हा संघटनेचा अंतर्गत प्रश्न हाय. आपण चौकशी समिती नेमू." समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष अर्जुनराव, आणि सदस्यांत रामेश्वरचे नाव. कुंपणाने शेत खाल्ले आणि पंचनाम्यालाही कुंपणालाच बोलावले. ती समिती अजून बसलेली नाही.

यानंतर सगळे ठीक झाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. शब्द ठेवलेल्या टोळ्या एकेक करून फुटल्या. मजूर मिळत आहेत म्हटल्यावर वसतिगृहाचे कुणी नाव काढीना. विजयमालाताईंनी संघटना सोडली. त्या वसतिगृहाच्या अर्जासाठी बीडला खेटे घालतात, असे ऐकतो. त्यांच्यावर माझी नजर आहे. दिवाळीनंतर आमच्या वस्तीतही ट्रक आला.

ट्रक यायच्या आदल्या सकाळी कडूबाई आमच्या दारात आली. बरोबर बजरंग होता, त्याच्या हातात दप्तर आणि ज्वारीचे गाठोडे. ती उंबऱ्यापाशी अवघडून उभी राहिली. "मी तुला नगं ते बोलले," ती म्हणाली. "तरी बी इचारते. पोराला ठिवून घेशील का? साळा बुडती त्याची."

चंद्रभागाबाईने आसारामकडे पाहिले. तो म्हणाला, "मी अर्धा जातो. तू हितंच ऱ्हा." अर्धा कोयता म्हणजे अर्धी कमाई, आणि फडात एकट्याचे हाल. हे त्या दोघांनाही माहीत होते. तरी त्याने नवा कोयता घेतला आणि मला दाराजवळच्या खुंटीला अडकवले. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या आणखी काही मुलांची दप्तरे माझ्याखाली येऊन पडली.

आता मी खुंटीवरून सगळे बघतो. चंद्रभागाबाई भाकऱ्या थापते, मुले शाळेत जातात, करिष्मा मोठ्याने धडे वाचते आणि मध्येच अडली की मागे जाऊन पुन्हा वाचते. रोज दिवेलागणीला फडावरून कडूबाईचा व्हिडिओचा फोन येतो. "दाव गं पोरगं," एवढेच ती म्हणते. चंद्रभागाबाई फोन बजरंगसमोर धरते. तो जेवला का, ताप नाही ना, वहीत काय लिहिले, सगळे कडूबाई बघते. पहिल्या दिवसांत मला याचा राग यायचा. इतके सोसूनही हिच्यावर पहारा का? पण चंद्रभागाबाईला कधी राग आलेला मी पाहिला नाही.

मग एका संध्याकाळी फोन आला नाही. दिवे लागले, मुलांची जेवणे झाली, तरी नाही. चंद्रभागाबाईने दोनदा फोनकडे पाहिले आणि मग स्वतःच लावला.

"आज इचारलं न्हाईस?" ती म्हणाली.

पलीकडून कडूबाई म्हणाली, "गाडी भराया उशीर झाला. आन् तुझ्यापाशी हाय म्हणल्यावर रोज काय बघायचं?"

"बघायचं," चंद्रभागाबाई म्हणाली. "मी कितीबी चांगली असले तरी बघायचं." आणि तिने फोन बजरंगसमोर धरला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. माझे काही म्हणणे नाही. मला गंज चढला तर चढू द्या. पण तुमची वस्तू, तुमचे मत, तुमचा शब्द, तुमचे मूल, जे काही तुम्ही कुणाच्या हवाली कराल, ते अधूनमधून जाऊन बघत जा. आणि कुणी तुमच्याकडे काही ठेवले आणि बघायला यायचे विसरले, तर तुम्हीच त्याला हाक मारा.