ढोलामागची जागा

मी डेल्फीन. कॅनडातल्या आमच्या क्री आदिवासी वस्तीत ढोलामागे उभ्या राहणाऱ्या बायकांची म्होरकी. पुरुषांनी हातातला ढोल वाजवत गाणं उचलायचं आणि आम्ही मागून, दुसऱ्या ओळीला, वरच्या पट्टीत शिरायचं, ही आमची रीत. मी तोंडाची फटकळ आहे, पण माझी एकही पोरगी बेसूर होत नाही.

कार्लीन माझी भाची. लहानपणी सगळे तिला मुलगा समजायचे, म्हणून माझ्या भावाने, अल्फॉन्सने, तिला शेजारी उभं करून ढोल शिकवला. काय आवाज होता! पुढे विनिपेग शहरात गेली, गिटार घेतली, बाई म्हणून जगू लागली, स्वतःची गाणी रचून नाव काढलं. आमच्या नळाला वर्षानुवर्षं गढूळ पाणी यायचं. ही प्रत्येक मैफलीत त्या पाण्याची बाटली वर धरायची. "प्या कुणीतरी," म्हणायची. मोर्चे काढले, मंत्र्यांच्या दारात बसून गायली. शेवटी आलं एकदाचं चांगलं पाणी.

त्या आनंदात शाळेच्या हॉलमध्ये दुपारी नाच ठरला. मूस हरणाच्या मटणाचा रस्सा, जाडजूड बॅनक रोटी, आणि चक्क नळाच्या पाण्याचा चहा! अल्फॉन्सने कार्लीनपुढे ढोल धरला.

"चल, उचल गाणं. तू गेल्यापासून आमचं गाणं लंगडं पडलंय."

"नको मामा. मला मागे उभं राहायचंय, बायकांत."

"एवढं शिकवलं ते मागे उभं राहायला?" त्याचं तोंड पडलं. पाठ फिरवून गेला.

मग ती माझ्याकडे आली. हजारोंपुढे गाणारी बाई, पण माझ्या कानाशी कुजबुजली. "मावशी, चालेल का गं? नाही म्हणालीस तर निघते मी." आज निघाली तर ही परत यायची नाही, हे मला दिसत होतं.

"बायकांचं गाणं येतं तुला?"

"ऐकलंय."

"ऐकलंय म्हणे! या पोरी माझ्या शिव्या खाऊन शिकल्यात. आणि आवाज जातो का वर?"

"नाही गं." तिचा चेहरा एवढासा झाला.

"माझ्या आईचाही जात नव्हता. घोगरी होती म्हातारी, तिला कुणी हाकललं नाही. उभी राहा इथे. मी चिमटा काढेपर्यंत तोंड मिटून."

अल्फॉन्सने गाणं उचललं आणि ही बया त्याच्याबरोबरच सुरू! सगळा हॉल हसला. मी कोपर मारलं.

"अगं भवाने, तुझी मैफल आहे का ही? थांबायला शीक!"

"चुकलं मावशी. सवय गं."

पुढच्या गाण्याला थांबली. माझ्या शालीचं टोक घट्ट धरून थांबली. मी चिमटा काढला, तशी आमच्या आवाजांच्या खालून तिचा जाड आवाज आला आणि सगळं गाणं भरल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला.

गाणं संपलं. अल्फॉन्स वळला. कार्लीनकडे बघतच त्याने मला विचारलं,

"डेल्फीन, मघाशी घाई केली ती कुठली गं पोरगी?"

"का रे?"

"तिला जाऊ देऊ नकोस."

एवढे पुरस्कार घेताना न रडलेली पोरगी तिथे हुंदके देऊन रडायला लागली.

"पुरे आता," मी म्हटलं. "नंतर रड. मामाने पुढचं गाणं उचललंय."