छबुबाईचा घास

"आजीचा फोटो? तुला कावून पाहिजे?" अमरसिंहांनी उंबऱ्यातूनच विचारलं. सख्ख्या भाचीला आत ये म्हणायला काही त्यांची जीभ रेटेना.

"चित्र काढायचंय, मामा," पंचशीला म्हणाली.

'मामा' ऐकताच त्यांनी पटकन गल्लीत पाहिलं. न जाणो, कुणी ऐकलं तर!

पंचशीला प्रदर्शनासाठी काढत असलेल्या भल्यामोठ्या चित्राची एक बाजू भरली होती. वडलांचं, शहादेवचं, चौसाळ्यातलं अख्खं गणगोत तिथं उभं होतं. दुसरी बाजू कोरी. पस्तीस वर्षांपूर्वी आई छबुबाई बौद्धाच्या शहादेवचा हात धरून लिंबागणेशहून पुण्याला गेली, ती नेसत्या लुगड्यानिशी. माहेरचा एक चेहरा तिच्यापाशी नव्हता. आता तर मायचं तोंड आठवत नाही म्हणून हमसून हमसून रडायची. प्रदर्शन गेलं खड्ड्यात, आईला आजी दाखवायचीच, म्हणून पंचशीला तिला घेऊन आली होती. पण छबुबाई वेशीपाशी गाडीतच बसून राहिली.

"तिथूनच बघ," अमरसिंहांनी भिंतीकडे बोट केलं.

हार घातलेले तीन फोटो. आजोबा, आजी आणि दोन वेण्यांची एक पोरगी. तिचं नाक पंचशीला रोज आरशात पाहत होती.

"मामा, ही तर आई! आई जिवंत आहे!"

"आमाला न्हाई. ती गेली तवाच तिच्या नावानं अंघोळ केली आमी. दर पितरात तिचंबी पान वाढतो. आजबी वाढलंय." वर उपकाराचा आव! मग कुरकुरत म्हणाले, "पन तिच्या घासाला कावळाच शिवत न्हाई. आई-बापाचा कवाच उचलला. हिच्यापायी सगळं घर उपाशी बसलंय."

"मोबाईलवर काढून घेऊ का आजीचा? चित्रात बाबांचं सगळं गणगोत आहे, आईकडचं कुणीच नाही."

"तुज्या बापाच्या मान्सांशेजारी माझी आई? चालती व्हय!" दार धाडकन लागलं.

गाडीत बसताच छबुबाईनं तिचा हात धरला. "दिसली का माय? कशी दिसती गं?"

पंचशीलानं डोळे मिटले. आजीचं काहीच नजरेसमोर येईना. वेंधळी मेली, सगळा वेळ तिसऱ्याच फोटोकडे बघत राहिली होती! स्वतःचा असा राग आला तिला. रडत रडत तिनं झालं ते सगळं सांगितलं.

 छबुबाईनं पिशवीतून डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावून खाल्ला.

"दादाला लहानपणापसून भूक निघत न्हाई," ती म्हणाली. "जा, सांगून ये. म्हनावं, जेवा आता. तिचा घास तिनं खाल्ला."