फुटपाथला टेकलेलं चाक

गाडीचा राग सगळ्यांवर नव्हता, फक्त सुईणीवर होता. निदान तिच्या नवऱ्याचं तरी तसं म्हणणं होतं. नवरा चष्मे बनवायचा. दुकान घराच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे गाडी त्याला क्वचितच लागायची. पण लागली की बटण दाबताच चालू. सुईणीने तेच बटण दाबलं की समोरच्या पट्टीवर पिवळ्या किल्लीचं चित्र लुकलुकायचं, स्टिअरिंगच्या पोटातून कटकट आवाज यायचा आणि स्टिअरिंगचं कुलूप काही उघडायचं नाही. ते उघडल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, अशी या नव्या गाड्यांची रीत. चोर येऊ नये म्हणून केलेली सोय, आणि अडकायची मालकीण.

"ती तुला ओळखते," नवरा म्हणायचा. "तुझ्या हाताला औषधाचा वास येतो. तिला वाटतं, आता ही सुई टोचणार."

"तू तुझ्या काचा पूस," ती म्हणायची.

बरं, रोज बिघडली असती तर परवडलं असतं. ही चार दिवस गुणी लेकरासारखी वागायची आणि पाचव्या दिवशी हटून बसायची. कंपनीच्या वर्कशॉपमधून ओढायची गाडी यायची, दोरी लावून जरा मागे खेचलं की बाईसाहेब तात्काळ चालू. वर्कशॉपात कॉम्प्युटर लावून बघायचे आणि सांगायचे की दोष काही नाही. ओढणाऱ्या माणसाने तर एकदा फार गोड आवाजात विचारलं होतं, "बाई, बटण नीट दाबता ना?" सुईणीने त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र संपले होते. घरी जाऊन बाळंतपणं करायची, हे तिचं काम, आणि त्या कामावर तिचा जीव होता. गेल्या महिन्यात गाडी अडली, टॅक्सी चढावर यायला तयार होईना, आणि ती पोचली तेव्हा बाळ शेजारणीच्या हातात येऊन पडलेलं. सगळं सुखरूप होतं, पण प्रसूतिगृहाच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. "एकदा मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पुन्हा झालं तर घरची कामं दुसरीला देईन. तू इथे टेबलावर बस." आणि याच महिन्यात टेकडीवरच्या कुंभारणीचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला कुंभारीण एकटीच होती आणि मूल हाती लागलं नव्हतं. ती त्याबद्दल बोलायची नाही. फक्त प्रत्येक तपासणीला एकच विचारायची, "तुम्हीच याल ना?"

"मीच येईन," सुईण म्हणायची, आणि जिना उतरल्यावर आधी गाडी चालू होते का ते बघायची.

घरात या सगळ्याला साक्षीदार होते तिचे वडील. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेचे नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्ध्या गावाने पहिला गिअर त्यांच्या शेजारी बसून टाकला होता आणि पहिली शिवीही त्यांच्याच तोंडून ऐकली होती. आता डोळे अधू झाले म्हणून ते मुलीकडे राहायला आले. येताना बाकी सामान वाटून टाकलं, पण शिकवणीची पिवळी पाटी तेवढी आणली. चांगल्या जाड लाकडाची होती. जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि मास्तर तिच्यावरून अधूनमधून फडकं फिरवायचे.

गाव सगळं चढउताराचं. मास्तर तरुण असताना त्यांच्या एका शिष्याने उतारावर गाडी लावली, हातब्रेक अर्धाच ओढला, आणि ती रिकामी गाडी घरंगळत बालवाडीच्या फाटकातून आत जाऊन झोपाळ्यांवर आदळली. सुट्टीचा दिवस होता म्हणून झोपाळे रिकामे होते. मास्तरांना ते झोपाळे पुढे कित्येक वर्षं दिसायचे. तेव्हापासून त्यांचा नियम होता, की गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, गाडी किंचित घरंगळू द्यायची, आणि चाक फुटपाथच्या कडेला घट्ट टेकलं की मगच हातब्रेक. हे जमेपर्यंत ते कोणालाही पास म्हणत नसत. मुलगी अर्थात त्यांच्याकडेच शिकलेली, जावई मात्र आपल्या मामाकडे. तो कशीही लावायचा आणि हातब्रेकवर भिस्त ठेवायचा. मास्तर त्याला काही बोलत नसत, पण त्याने लावलेल्या गाडीकडे बघून उसासा टाकत.

त्या सोमवारी गाडी पुन्हा वर्कशॉपात गेली आणि सुईण तिथल्या बाकावर जाऊन बसली. शेजारी फुलवाली बसली होती, पलीकडे दाताचे डॉक्टर. दोघांची गाडी हीच, दुखणंही हेच. समदुःखी भेटल्यावर माणसाची जीभ सैल होते.

"मी आधी दार तीनदा उघडून लावते," फुलवाली म्हणाली. "मग नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंगशी झोंबतो आणि मी बटण दाबते. कधीकधी होते चालू. पण दाराने होते की नवऱ्याने, ते अजून कळलेलं नाही."

"मी दाढ हलवतो तसं स्टिअरिंग हलवून बघतो," डॉक्टर म्हणाले. "दाढ बरी. निदान निघते तरी."

काउंटरवरचा माणूस सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन मेटाकुटीला आला होता. तो म्हणाला, "साहेब, खोटं नाही सांगत. हीच गाडी बाहेर सगळीकडे विकली जाते. इतक्या तक्रारी कुठूनच नाहीत. तुमच्या गावात काय आहे ते मलाही कळू द्या." तो चिडून बोलत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि ते ऐकून सुईणीचे कान टवकारले. दुखणं सगळ्यांना सारखं असेल तर सगळ्यांनी काहीतरी सारखं खाल्लेलं असतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. बाळंतिणीला विचारावं तसं तिने एकेकाला विचारायला घेतलं. कुठे अडते? कोणी लावलेली असताना? सपाटावर कधी अडली का?

सपाटावर कधीच नाही. फुलवालीच्या मंडईत नाही, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या आवारात नाही. घराच्या उतारावरच.

"आणि लावताना शेवटी काय करता?"

"शेवटी?" फुलवालीने ताठ बसून सांगितलं, "चाक फुटपाथला टेकवते. मी काही अशीतशी शिकलेली नाही. मास्तरांकडे शिकलेय."

"अरे वा, मीही," डॉक्टर म्हणाले, आणि दोघांनी मास्तरांचं वाक्य त्यांच्याच नाकातल्या आवाजात एकदम म्हणून दाखवलं, "फुटपाथने हात धरल्याशिवाय गाडी सोडायची नाही!"

दोघं पोट धरून हसले. सुईण हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते चाक आलं. सगळ्या गाडीचा भार घेऊन कडेला रेटलेलं चाक, त्याचा पीळ वर स्टिअरिंगपर्यंत चढलेला, आणि त्या पिळात आवळून धरलेला कुलपाचा बारकासा खिळा. कुलूप उघडणारी छोटी मोटर बिचारी तो ओढणार तरी कशी? ओढणाऱ्या गाडीने मागे खेचलं की भार सुटतो, खिळा सुटतो. वर्कशॉपची जमीन सपाट, म्हणून इथे दोष सापडत नाही. तिने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं. तो आधी बघत राहिला, मग धावत आत गेला आणि येऊन म्हणाला, की वर कळवतो, पण वरून उत्तर यायला वेळ लागेल, तोवर चाक सरळ ठेवा.

इतकं सोपं! तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, घराचा जिना दिसेपर्यंत. जिन्याखाली पिवळी पाटी होती.

"सांगून टाक बाबांना," नवरा रात्री जेवताना हळूच म्हणाला.

"तू सांग."

"मी? मला त्यांनी आधीच नापास केलंय."

तिने सांगितलं नाही. नजर अधू झाली, शिकवणी गेली. या माणसाकडे अभिमानाने सांगण्यासारखा तो एक नियमच उरलेला, तो कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा? ती मुकाट्याने चाक सरळ ठेवू लागली. आठवडाभर गाडी एकदाही अडली नाही. तिला हलकं वाटत होतं आणि चोरट्यासारखंही.

कुंभारणीच्या नवऱ्याचा फोन दुपारी आला. कळा सुरू झाल्या होत्या आणि जोरात होत्या. सुईणीने बॅग उचलली, धावत खाली आली, बटण दाबलं. पिवळी किल्ली लुकलुकली. कटकट, कटकट. तिने दार उघडून खाली वाकून बघितलं. पुढचं चाक पूर्ण वळलेलं होतं, फुटपाथच्या कडेला गच्च रेटलेलं.

वर गॅलरीत मास्तर उभे होते.

"बाबा, गाडीला कोणी हात लावला?"

"मी," मास्तर समाधानाने म्हणाले. "नीट दिसत नसलं तरी चाकावर हात फिरवला की कळतं मला. बरेच दिवस तू सरळ सोडतेयस. म्हटलं, कामाच्या धबडग्यात विसरत असेल पोर. दुसरी किल्ली घेतली, चाक वळवलं, जराशी घरंगळू दिली आणि टेकवून ठेवलं. चालवली नाही हं, नुसती टेकवली."

तिचा संयम सुटला. "बाबा, टेकवल्यामुळेच ती चालू होत नाही! विसरत नव्हते मी. मुद्दाम सरळ ठेवत होते. त्या कुलपाला भार सोसत नाही. गावात ज्यांच्या ज्यांच्या गाड्या अडतात ते सगळे तुमचे शिष्य आहेत."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मास्तर कठड्याला धरून उभे होते.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठवडा झाला."

"आणि सांगितलं नाहीस."

"धीर झाला नाही, बाबा."

ते आत गेले. ती टॅक्सीचा नंबर शोधू लागली. कुंभारीण दाराकडे बघत असेल, हे तिला इथून दिसत होतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मास्तर भिंतीला धरत खाली आले, खिडकीतून आत वाकले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. हात पूर्वीइतकेच जाड होते.

"बसून राहा. पाय ब्रेकवर," ते शिकवणीच्या आवाजात म्हणाले. त्यांनी स्टिअरिंग जरासं एका बाजूला दाबून पाहिलं, मग दुसऱ्या. "हं. इकडून ढकलतोय फुटपाथ. आता मी उलटा जोर लावतो. म्हणेन तेव्हा बटण." त्यांच्या मानेवरची शीर फुगली. "दाब."

टक्. कुलूप उघडलं, इंजिन घुरघुरलं. सुईणीचा जीव भांड्यात पडला.

"आरसा," मास्तर सवयीने म्हणाले.

"बघितला."

"मग जा."

ती पोचली तेव्हा कुंभारीण भिंतीला पाठ लावून उभी होती, नखांत वाळलेली माती तशीच. तिने सुईणीला पाहिलं आणि मगच मोठ्याने कण्हू लागली. तोवर सगळं दाबून धरलं होतं तिने. बाळ आलं तेव्हा गप्प होतं. सुईणीने त्याची पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि ते रडलं. कुंभारीणही रडली, आणि सुईणीनेही डोळे पुसून घेतले.

संध्याकाळी ती घराच्या उतारावर आली आणि चाक सरळ ठेवून हातब्रेक ओढला. मास्तर पायरीवर बसले होते. पायरीभर लाकडाचा भुसा होता.

"काय झालं?"

"मुलगी. आधी गप्प होती, मग रडली."

"बरं झालं. चाक?"

"सरळ."

मास्तर उठले, वाकून टायर चाचपडला आणि त्याच्यापुढे एक लाकडी ठोकळा सरकवून पायाने घट्ट बसवला. तीन तुकडे एकावर एक ठोकून केलेला, तिरका कापलेला. सुईणीने निरखून पाहिलं. ठोकळ्याच्या एका अंगाला पिवळा रंग होता आणि त्यावर अर्धं काळं अक्षर. तिने जिन्याखाली बघितलं. भिंत रिकामी होती.

"बाबा, पाटी..."

"जाड लाकूड होतं," मास्तर म्हणाले. "चांगले सहा-सात ठोकळे निघाले."

"चूक त्या कुलपाची आहे," ती म्हणाली. "तुमची नाही."

"कुलूप मला बदलता येत नाही. शिकवलेलं बदलता येतं." त्यांनी हातावरचा भुसा झटकला. "हे बाकीचे डिकीत ठेव. उद्या मला घेऊन चल. आधी फुलवालीकडे, मग डॉक्टरांकडे, मग आठवतील तसे सगळ्यांकडे."

"मी देऊन येईन ना, बाबा. तुम्ही कशाला जिने चढताय?"

"मी शिकवलं होतं," मास्तर म्हणाले. "मीच सांगायला हवं."

सुईणीने एकेक ठोकळा उचलून डिकीत ठेवला, पिवळी बाजू वर करून.