सुवर्णाची पिवळी बस

सिगरेट सोडायची गोळी सुरू केली आणि माझी बायको परत आली.

सुवर्णाला जाऊन दीड वर्ष झालं. मी अमेरिकेत, कॅरी गावात मुलीकडे, रुचाकडे राहतो. सकाळी रुचा ऑफिसला जायची आणि मी गॅरेजमागे सिगरेट ओढायला. सुवर्णा होती तेव्हा धुण्याआधी माझा शर्ट नाकाला लावायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि काही न बोलता मशीनमध्ये टाकायची. ती गेल्यावर शर्ट हुंगणारं कुणी उरलं नाही. ओढणं वाढलं. शेवटी रुचाने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी लिहून दिली. थोड्या डोसने सुरुवात, मग सकाळ-संध्याकाळ एकेक. प्रत्येक वेळी आधी खायचं आणि वर मोठा ग्लास भरून पाणी प्यायचं.

फार्मसीत अनन्या म्हणून मुलगी आहे. जन्म इथला, आई-वडील नागपूरचे. बाटली देताना ती म्हणाली, "काका, स्वप्नं येतील. व्हेरी व्हिव्हिड. आणि मूड खराब झाला, सॅड वाटलं, तर वेट नाही करायचं. मला किंवा डॉक्टरला कॉल. ओके?"

मी ओके म्हटलं. स्वप्नांना काय घाबरायचं?

पहिल्यांदा सुवर्णा आली ती स्कूल बस चालवत. आयुष्यात तिने सायकल चालवली नव्हती. इथे पिवळीधमक बस, मागे तिच्या भिशीच्या सगळ्या बायका डबे घेऊन बसलेल्या. दार उघडून मला म्हणाली, "अहो, चढा लवकर. मागे ट्रॅफिक तुंबलंय." मग तिने बस सरळ कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूत घातली आणि खिडकीतल्या मुलाला म्हणाली, "एवढ्या कॉफ्या घेतोय, मूठभर कोथिंबीर तरी टाक वर." त्याने टाकली.

मी हसतच जागा झालो. रुचा धावत आली. "बाबा, काय झालं?"

"तुझ्या आईने कोथिंबीर मिळवली."

तेव्हापासून सकाळच्या चहाला रोज नवीन हकिगत. सुवर्णा स्केट घालून आरतीचं ताट फिरवते. सुवर्णा शेजाऱ्याच्या लॉनवर पापड वाळत घालते आणि त्यालाच राखणीला बसवते. रुचा हसून हसून मीटिंगला उशिरा जॉइन व्हायची. एकदा म्हणाली, "आईला सांगा, माझी कार पण धुऊन दे." मधल्या मध्ये सिगरेट बेचव लागायला लागली आणि डॉक्टरांशी ठरवलेल्या दिवशी मी ती बंद केली. फार त्रास झाला नाही. माझं लक्षच दुसरीकडे होतं.

मग एक आठवडा ती आलीच नाही. स्वप्नं पडत होती, पण भलत्यांची. माझे जुने साहेब ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होते. त्यांना मी काय करू?

त्यात संकष्टी आली. सुवर्णा जन्मभर संकष्टी करायची, ती गेल्यापासून मी धरतो, आणि तिच्यासारखीच कडक, नुसत्या पाण्यावर. सकाळची गोळी तशीच घेतली. पोटात ढवळलं, पण म्हटलं उपासाचं असेल. संध्याकाळी वाटलं, आज तिचा दिवस, आज तिने यायलाच हवं. एका गोळीत बस येते तर दोन गोळ्यांत ती स्वतः उतरून येईल. दोन घेतल्या. रिकाम्या पोटी.

चंद्र यायच्या आधीच मी घरामागच्या लाकडी डेकवर रेलिंगला धरून उलट्या करत होतो. खाली रुचाची गुलाबाची झाडं.

रुचाने बाटली बघितली, मला बघितलं आणि पॉयझन हेल्पलाइनला फोन लावला. किती घेतल्या, कधी घेतल्या, छातीत दुखतंय का, फिट आली का, सगळं तिकडच्यांनी विचारलं. त्यांनी घोट घोट पाणी द्यायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं. त्रास वाढला तर लगेच नाइन वन वनला फोन करून अँब्युलन्स. रुचा माझ्याजवळून हलली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. अगदी आईसारखी.

सकाळी मी तिला म्हटलं, "डॉक्टरांना स्वप्नाचं नको सांगू. गोळी बंद करतील. मग ती कशी येणार?"

रुचा खाली बसली. "बाबा, तुम्ही त्यासाठी दोन घेतल्या?"

तिने डॉक्टरांना फोन केलाच. मग मला फार्मसीत अनन्यासमोर उभं केलं.

"काका, डॉक्टरशी बोलले मी. उदास वाटतं का? जगू नये असं काही?"

"नाही गं. उलट इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत. तीच तर पंचाईत आहे."

तिने मान डावी-उजवीकडे हलवली, पण ओठ दाबून हसत होती. "ओके. गोळी चालू. पण डबल कधीच नाही. विसरली तरी डबल नाही. उपास असला तरी आधी खायचं. साबुदाणा खिचडी चालते ना? माझी आजी तर दोन प्लेट खाते. आणि संध्याकाळची गोळी लवकर, डिनरबरोबर. स्वप्नं कमी होतील."

"कमी नको आहेत."

ती काउंटरवर वाकली. "काका, गोळी फक्त कलर ब्राइट करते. आंटी गोळीत नाहीयेत. त्या तुमच्याकडे आहेत ऑलरेडी."

त्या संध्याकाळी उजेड असतानाच रुचाने पिठलं-भाकरी वाढली. जेवलो, एक गोळी, मोठा ग्लास पाणी. आता काही येत नाही, असं धरूनच झोपलो.

सकाळी रुचा चहा घेऊन समोर बसली. "आली?"

"आली. बस नव्हती. साधीच, आपल्या लाँड्री रूममध्ये उभी होती."

"मग?"

"माझा शर्ट घेतला, नाकाला लावला. इकडून हुंगला, तिकडून हुंगला. कॉलर उलटी करून हुंगली. विश्वासच बसेना तिचा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अहो, हा कुणाचा शर्ट आणलात?"

रुचाच्या नाकातून चहा आला. मी तिला नॅपकिन दिला आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं, कारण सकाळची गोळी अजून घ्यायची होती.