मोटेतून वाहणारी गोकर्ण

मी एक जुनी लोखंडी मोट आहे. मित्रांनो, मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायचं मोठं भांडं. इंझोरीच्या पुंजाजींच्या विहिरीवर मी बावीस वर्षं खाली-वर फेऱ्या मारल्या. दुष्काळाच्या साली विहीर तळाला गेली, मी खडकावर आपटले आणि फुटले. पुढं मोटर आली, माझी रवानगी गोठ्यामागं झाली. कोंबडी माझ्यात अंडी घालायची, तेवढाच माझा मान.

पुंजाजींच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, मला बाहेर काढलं. तीन लाकडी बल्ल्या रोवून माझ्याच जुन्या नाड्यानं, म्हणजे मोटेच्या दोरानं, अंगणात टांगलं. माझी पाणी ओतायची चामडी सोंड कधीच कुजून पडली होती. त्या भोकात तरटाचा बोळा कोंबून माती भरली, गोकर्ण लावली. वेल वाढली तशी काठावरून खालच्या दगडी डोणीत सोडली. निळं पाणीच ओतल्यासारखं दिसे. पुढं छकड्याचं मोडकं चाक आडवं, आऱ्यांच्या दर खणात वेगळं रोप. अख्खा मळाच अंगणात मांडला होता बाईंनी.

"भंगारात झाडं कायले लावून राह्यली वं?" शेजारची कस्तुराबाई हसे.

"झाडात भंगार लावलं म्हन!" प्रयागबाई उत्तर देत.

पण पुंजाजींनी मालेगावच्या भंगारवाल्या जिनदासशेठना शब्द दिला होता, जुनं लोखंड सारं घेऊन जा. श्रावणात एका सकाळी शेठ गाडी घेऊन आले. मी अख्खी मावेना, म्हणून हमालानं घण उचलला. प्रयागबाई दारात, पदर मुठीत आवळलेला. 

"शेठ," त्या हळूच म्हणाल्या, "आज चौदस हाये ना? तुमी जैन मानसं तं चौदशीले हिरव्याले हात लावत नाही."

"चौदस उद्या!"

"एक तिथी गळाली न औंदा. तुमच्या घरच्या जतनबाईनंच सांगतलं मले, बाजारात."

शेठनी कानाला हात लावला. "अरे देवा! पहाटे निघालो, घरी इचारलंच नाही. वाटेत मेथीची भजी खाल्ली ना मी! माह्यासमोर उपटू नका काही. परवा येतो."

घण खाली आला. गाडी गेली.

पुंजाजींचा पारा चढला. "मीच उपटून ठेवतो," म्हणत त्यांनी माझ्यात हात घातला. बोटं मुळाकडं निघाली आणि कड्याला लागली. बावीस वर्षं धरलेलं कडं. हात तिथंच राहिला.

"नाडा असा बांधतेत काय?" ते एकदम खेकसले. "सुटंल, कोनाच्या डोक्यात पडंल!"

त्यांनी गाठ सोडली आणि विहिरीवर मारायचे तशी पक्की गाठ मारली. प्रयागबाईंनी तांब्याभर पाणी आणून माझ्यात ओतलं.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. शब्द राखायला पुंजाजींनी नांगराचा चांगला चालता फाळ गाडीत टाकला. मी गेले नाही.

मी अजून गळते. गळतं ते खालच्या रोपांना मिळतं. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकायच्या आधी तिच्यात एकदा हात घालून पाहा. घाई नको.